शेजारच्या घरातली खात्री

मीरा-भाईंदरला टंचाई पाण्याची आहे, देवांची कधीच नव्हती. भाईंदर पश्चिमेला बावन्न जिनालय आहे, नाझरेथ माउलीचं चर्च आहे. मीरा रोडला इस्कॉनचं मंदिर आणि नया नगरातल्या मशिदी. काशिमिऱ्याला संत जेरोम. उत्तनला गेलात तर वेलंकनी माउलीही भेटते आणि धारावी देवीही. गल्लीतल्या साईबाबांची आणि झाडाखालच्या गणपतींची मोजदाद महापालिकेलाही जमलेली नसावी. २००१ साली या शहरात ५ लाख २० हजार माणसं होती, २०११ साली ती ८ लाख ९ हजार झाली. मुंबईत जागा परवडेना म्हणून माणसं इकडे सरकली आणि येताना देव्हारे घेऊन आली. देवांचं बरं असतं, त्यांना गृहकर्ज काढावं लागत नाही.

जनगणनेच्या कागदावर धर्माचा रकाना असतो. ‘बरं, खात्री कितपत आहे?’ असं मात्र प्रगणक विचारत नाही. विचारलं असतं तर मजा आली असती. पुढे पर्याय छापायचे: पूर्ण, सणासुदीपुरती, पोरांच्या परीक्षेच्या दिवसांत, बायपासच्या आधी, लागू नाही. आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांनी सगळ्याच चौकटींत खुणा केल्या असत्या.

मला या रकान्याबद्दल फार कुतूहल आहे. निरनिराळ्या धर्मांची माणसं आपापल्या देवाबद्दल सारखीच निःशंक असतात का? मी स्वतः कुंपणावरचा माणूस. संकष्टी करत नाही, मोदक सोडत नाही. त्यामुळे ज्यांची खात्री आहे त्यांच्याकडे मी थोड्या असूयेनं बघतो आणि संधी मिळाली की विचारतो. आणि गंमत अशी, की ज्याला विचारावं तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतो.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशी महिन्यातले निम्मे दिवस कसला ना कसला उपास करतात. पण त्या म्हणतात, “श्रद्धा असावी तर मुसलमानांसारखी. पाच वेळा म्हणजे पाच वेळा. आपलं काय, आंघोळ वेळेवर झाली तर दिवा.” आमच्या कचेरीतले एक सहकारी मूळचे राजापूरचे, कोकणी मुसलमान, राहायला नया नगरात. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. त्यांना मावशींचं मत सांगितलं तर ते हसायलाच लागले. “अहो, काय सांगताय! आमची निम्मी पोरं जुम्म्याला तेवढी उगवतात आणि तीही अर्धं लक्ष बाहेर ठेवलेल्या चपलांकडे ठेवून. खरी श्रद्धा तुमच्या वारकऱ्यांची. आळंदीहून पंढरपूर, चालत, पावसात, आणि वर गातात!” बाजारातली मासेवाली उत्तनची, ख्रिस्ती कोळीण. तिचं मत जैनांकडे झुकलेलं: “आठ-आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहतात, दादा. आमाला ईस्टरच्या आधीच्या उपासात शुक्रवारचं मटण सोडायचं तर जीव जातो. मासे चालतात ते एक बरं.” ते बरं कोणाच्या दृष्टीनं, हे तिनं सांगितलं नाही, शुक्रवारी तिच्याकडचा भाव मला माहीत आहे.

राहिल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बा. त्यांनी नुकतीच अठ्ठाई केली होती, म्हणजे आठ दिवसांचा उपवास. पारणं झालं, वरघोडा निघाला, सगळी इमारत पाया पडून आली. मी विचारलं, “बा, एवढी श्रद्धा येते कुठून?” बा म्हणाल्या, “उपवास शरीरानं केला, भाई. मन तर सहाव्या दिवसापासून ढोकळ्यात होतं. श्रद्धा बघायची तर ते चर्चवाले बघ. तास-तास गुडघ्यावर! माझे गुडघे तर देवाचंही ऐकत नाहीत.”

फेरी पूर्ण झाली. खात्री ही नेहमी शेजारच्या घरात राहते. तिथे जाऊन बेल वाजवावी तर ती त्यांच्याही शेजारी गेलेली असते. यात कोणी खोटा विनय दाखवत होतं असं मला वाटत नाही. दुसऱ्याच्या धर्माचा आपल्याला भरजरी काठ तेवढा दिसतो; स्वतःच्या धर्माची उलटी बाजू, गाठी आणि लोंबते दोरे रोज हाताला लागत असतात.

पण थोडं थांबून पाहिलं तर माझा प्रश्नच एकतर्फी होता. ‘तुमचा विश्वास आहे का?’ हा प्रश्न सगळ्या धर्मांत सारखा चालत नाही. चर्चमध्ये तो चालतो. इसवी सन ३२५ मध्ये नायसिया इथे बिशप मंडळी जमली आणि आपण नेमकं काय मानतो हे त्यांनी शब्दांत बांधून ठेवलं. त्या मसुद्यातून वाढत गेलेली विश्वासाची कबुली आजही रविवारच्या मिस्सामध्ये सगळे उभे राहून म्हणतात. मसुदा सतराशे वर्षांपूर्वीचा, आणि हजेरी अजून दर आठवड्याला! मुसलमानाचंही तसंच, धर्माचा पहिला खांबच मुळी साक्ष देण्याचा. जैनांच्या तीन रत्नांतलं पहिलं सम्यक् दर्शन, पण बांची परीक्षा होते ती ताटात: बटाटा आहे का, सूर्य मावळला का. आणि आमच्याकडे? मला आजवर कोणत्याही भटजींनी ‘देव मानतोस ना?’ असं विचारलेलं नाही. ते फक्त जानवं कुठल्या खांद्यावर आहे ते बघतात. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, “देव खरंच आहे का गं?” आजी म्हणाली, “आधी हातपाय धुऊन ये.” मी धुऊन आलो तोवर ती आरतीला लागली होती. तो प्रश्न अजून तिथेच आहे.

वारकऱ्याला विठ्ठलाच्या अस्तित्वाबद्दल कोणी छेडत नाही. वारी चुकली का, एवढंच विचारतात. तेव्हा एका माणसाची खात्री जिभेवर, दुसऱ्याची पायात, तिसऱ्याची पोटात. तराजू एकच घेऊन बसलं की सगळ्यांची वजनं चुकतात.

हे मला नीट कळलं ते चंद्रामुळे.

मावशींची संकष्टी म्हणजे चंद्रोदय झाल्यावर जेवण. श्रावणातली संकष्टी असेल तर भाईंदरच्या आकाशात चंद्र कसला दिसतोय. खाडीवरून आलेले ढग आणि समोरच्या बावीस मजली टॉवरची पाठ. पण मावशींना त्याची फिकीर नसते. भिंतीवर ‘कालनिर्णय’ आहे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या या दिनदर्शिकेत गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात, मिनिटाबरहुकूम. घड्याळात ती वेळ झाली की मावशी गच्चीवर जाऊन ढगांना अर्घ्य देतात, नमस्कार करतात आणि खाली येऊन मोदक खातात. चंद्र पाहिला नाही, पण तो उगवला याबद्दल तीळभर शंका नाही.

आता राजापूरचे सहकारी. रमजानचा एकोणतिसावा दिवस. त्यांचीही अख्खी इमारत गच्चीवर. चंद्रकोर कधी, कुठे, किती वेळ दिसू शकेल हे खगोलशास्त्र आधीच सांगतं; पण नाही. कोर डोळ्यांनी दिसली पाहिजे, किंवा विश्वासू माणसांनी पाहिल्याची ग्वाही मिळाली पाहिजे, आणि हिलाल कमिटीनं ती मान्य करून जाहीर केली पाहिजे. तोवर शिरखुर्म्याचं दूध आणायचं की नाही हे अधांतरी. ‘कालनिर्णय’मध्ये ईदही छापलेली असते, पण त्यांच्या लेखी तो निव्वळ अंदाज. “उद्या रजा टाकताय का?” मी दुपारी विचारतो. “संध्याकाळी सांगतो,” ते म्हणतात. साहेबांना हे दरवर्षी नव्यानं समजावून सांगावं लागतं.

दोघांचा चंद्र एकच. न पाहता गणितावर विसंबणाऱ्या मावशी आणि पुरावा समोर आल्याखेरीज ताटाला हात न लावणारे सहकारी, यांतला श्रद्धावान कोण आणि चिकित्सक कोण, सांगा बघू. आपण दोघांनाही श्रद्धाळूच म्हणून मोकळे होतो.

बरं, एवढ्यावर भागत नाही. दाऊदी बोहरी मंडळी आपलं जुनं गणिती कॅलेंडर पाळतात. ती कोरीची वाट पाहत नाहीत, त्यामुळे बहुधा त्यांची ईद आधीच होऊन गेलेली असते. म्हणजे मुसलमानांतही एक ‘कालनिर्णय’वाला पक्ष आहे. आमच्याकडे काही वेळा एकादशी दोन असतात, एक स्मार्त आणि एक भागवत. मावशी अशा वेळी दोन्ही करतात, साबुदाणा भिजवलेला असतोच. जैनांत मूर्तिपूजक श्वेतांबरांची संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, स्थानकवासी आणि तेरापंथींची पंचमीला, आणि त्याच सुमाराला दिगंबरांचे दहा दिवस सुरू होतात. जगाकडे क्षमा मागायचा दिवस, आणि तो कोणता यावर मतभेद! हे सगळं चंद्राच्या नादी लागल्यामुळे होतं असं म्हणावं, तर ख्रिस्ती लोकही सुटलेले नाहीत. ईस्टर म्हणजे वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. पण ही पौर्णिमा आकाशातली नव्हे, चर्चच्या तक्त्यातली. एका उपग्रहानं चार धर्मांना गच्चीवर आणलंय आणि एकानेही दुसऱ्याला विचारलेलं नाही, की तुम्हाला तो दिसला का.

पाहिल्याशिवाय मानणार नाही, असं म्हणणारा एक प्रेषित ख्रिस्ताच्या बारांतही होता. थोमा. पुनरुत्थानाची बातमी बाकीच्यांनी मान्य केली. हा म्हणाला, जखमांना हात लावून बघेन तेव्हा खरं. आणि परंपरा सांगते, की इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्याला उतरला तो नेमका हाच. मीरा रोडला मल्याळी ख्रिस्ती कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या कुणी संत थोमाचं नाव अभिमानानं घेतलं की मला बरं वाटतं. भारताच्या वाट्याला आलेला प्रेषित संशयी होता, ही काही वाईट वाटणी नाही.

जे देवाच्या फार जवळ गेले त्यांचा हिशेब तर आणखीच घोटाळ्याचा. तुकोबांना आपण टाळ-वीणा देऊन चित्रात बसवलंय, पण गाथा उघडली की पानोपानी पांडुरंगाशी भांडण, आणि माझ्यापुरता देव संपला म्हणण्यापर्यंत मजल. इमाम गझाली बगदादच्या निजामिया मदरशातले सर्वांत मोठे आचार्य. १०९५ साली त्यांना आतून असं काही झालं, की वर्गात तोंडातून शब्द फुटेना. पद, मान, घर सोडून ते निघून गेले. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा लोक हादरले. अनेक दशकं त्यांना आत देवाचा मागमूसही लागत नव्हता, आणि रोज पहाटे उठून त्या कामाला जात होत्या. आमच्या मावशी यांच्यापेक्षा कितीतरी निर्धास्त आहेत. त्यांचा मुक्काम देवापासून पुरेशा अंतरावर आहे, म्हणून असेल.

मराठीत या बाबतीतलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण टिळक नवरा-बायकोचं. लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड नारायण वामन. नागपूरहून राजनांदगावला जाताना त्यांना आगगाडीत एक गोरा साहेब भेटला. बोलणं झालं, त्यानं नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि भाकीत केलं, की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळक झाले, १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. (आमच्या भाईंदर लोकलमध्ये एवढ्या ठामपणे फक्त ‘बोरिवलीला सीट मिळेल’ असं सांगतात, आणि ती मिळत नाही.) पण माझा जीव अडकलाय तो लक्ष्मीबाईंत. नवऱ्याची जी खात्री पटली ती पटायला बायकोला आणखी पाच वर्षं लागली. आणि ती काही मोठ्या ग्रंथामुळे पटली नाही. सोवळं सांभाळत, पाणी वेगळं, चूल वेगळी, असा संसार चालला असताना एके दिवशी त्यांच्या मनात आलं, की या जाती देवानं केल्या की माणसानं? माणसानं केल्या असतील तर हा सगळा खटाटोप कशासाठी? मग कुणाच्याही हातचं पाणी चालू लागलं, बाप्तिस्मा १९००चा. १९३४पासून भागाभागांनी आलेली ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला वाटतं, की टिळकांची श्रद्धा कवितेच्या वहीत राहत होती आणि लक्ष्मीबाईंची पाण्याच्या तांब्यात. एकाच घरातल्या, एकाच धर्मातल्या दोन माणसांच्या खात्र्या जर इतक्या वेगळ्या, तर दोन धर्मांच्या जुळतात का हे मी कुठल्या तोंडानं विचारावं!

खात्रीचा उपद्रव सुरू होतो ती स्वयंपाकघरातून निघून कचेरीत गेली की. सप्टेंबर २०१५ मध्ये आमच्या महापालिकेनं पर्युषणाचे आठ दिवस मांसविक्री बंद ठेवायचं ठरवलं आणि एरवी फक्त नळाला पाणी नाही म्हणून बातमीत येणारं आमचं शहर देशभर गाजलं. वर्तमानपत्रं तापली, राजकीय पक्ष तापले. मला त्या आठवड्यात अनेकान्तवाद आठवत होता. सत्याला पुष्कळ बाजू असतात, म्हणून प्रत्येक विधानाआधी ‘एका दृष्टीनं’ म्हणावं, असं शिकवणारं इतकं नम्र तत्त्वज्ञान जैनांनी जगाला दिलं. पण महापालिकेच्या ठरावात ‘कदाचित’ लिहिता येत नाही. बांना मी या वादाबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “दुसऱ्यानं काय खायचं हे मी सांगायचं असतं तर आधी माझ्या नातवाला सांगितलं असतं.”

आणि जानेवारी २०२४. अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या रात्री नया नगरात हाणामारी झाली, लगोलग बुलडोझर आले. त्या आठवड्यात आमच्या लोकलच्या डब्यातल्या कोणालाच कसली शंका नव्हती. मात्र ती खात्री आपापल्या देवाबद्दलची नव्हती, एकमेकांबद्दलची होती. राजापूरचे सहकारी दोन दिवस कचेरीत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, डबा उघडला, नेहमीसारखं अर्धं थालीपीठ माझ्यासमोर सरकवलं. त्या दिवशी मी त्यांना श्रद्धेबिद्धेचं काही विचारलं नाही.

मला शंभर टक्केवाल्यांपेक्षा नवसवाले लोक जवळचे वाटतात. नवसात खात्री असते, पण अटी लागू असतात. सप्टेंबरात बांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेला गेलात तर मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं आणि मेणाची घरंही विकत मिळतात. जे हवं त्याची प्रतिमा वाहायची. रांगेत साड्या असतात, बुरखे असतात, टिकल्या असतात. नायसियाची कबुली येते का असं मेणबत्तीवाला कोणाला विचारत नाही, सुटे आहेत का एवढंच विचारतो. आमच्या मावशी दोन वर्षांपूर्वी तिथे मेणाचं घर वाहून आल्या, इमारतीच्या पुनर्विकासासाठी. बांनी त्यासाठी शंखेश्वर पार्श्वनाथाला बोलून ठेवलंय. मासेवालीलाही मावशींनी सांगितलं, वेलंकनीला जाशील तेव्हा आमच्यासाठी एक मेणबत्ती लाव. माणसाला जागेचा प्रश्न पडला की सर्व धर्म खरोखरच समान होतात.

कारण आमच्या इमारतीला अजून ओसी नाही. भोगवटा प्रमाणपत्र. मीरा-भाईंदरमध्ये ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. पुष्कळ इमारतींत माणसं जन्मून, शिकून, लग्नं होऊन गेली तरी तो कागद कोणी पाहिलेला नसतो. परवा सोसायटीची सभा झाली. आमचे सचिव पक्के नास्तिक. सत्यनारायणाला वर्गणी देत नाहीत, मुहूर्त पाहत नाहीत, ग्रहणात मुद्दाम जेवतात. ते उभे राहून म्हणाले, “दिवाळीपर्यंत ओसी हातात येणार म्हणजे येणार. शंभर टक्के.”

मावशींनी बांकडे पाहिलं. बांनी विचारलं, “तुम्ही कागद पाहिला?”

“पाहायचं काय त्यात? मंजूर झालाच आहे. फक्त दिसायचा बाकी आहे.”

मागच्या खुर्चीवरून कोणीतरी म्हणालं, “आमेन.” पुढचा विषय पाण्याच्या टँकरचा होता.